सहा आकडे

भाचीचा फोन आला तेव्हा मी पाणी गाळत होते. नामपल्लीत सकाळचे सहा वाजले होते, म्हणजे ऑकलंडला दुपारचे दीड. गरण्याचं टोक एका हातात, फोन दुसऱ्या हातात.

"मामी, गाडी सुरूच होत नाहीये. पेट्रोल भरायला थांबले होते. वीस मिनिटं झाली, मागे लाइन लागली आहे."

"कुठली गाडी?" मी विचारलं. कारण तिनं गाडी घेतली आहे हेच मला ठाऊक नव्हतं. तिच्या आईला, म्हणजे माझ्या नणंदेलाही नव्हतं. घराच्या डिपॉझिटसाठी साठवलेल्या पैशांतून पोरीनं साडेनऊ हजार डॉलर काढले होते, आणि एका माणसाकडून 2006 सालची, जपानहून आलेली जुनी माझदा आरएक्स-8 घेतली होती. न्यूझीलंडमध्ये जपानच्या वापरलेल्या गाड्या खूप येतात. दोन्हीकडे स्टिअरिंग उजव्या बाजूला, त्यामुळे बदल काही करावा लागत नाही.

आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाची मिनीबस डोळ्यासमोर येते. ही तशी नाही. ही बुटकी, लाल, आणि हिचे मागचे दरवाजे उलटे उघडतात, लग्नातल्या कपाटासारखे. दोन्ही पट उघडले की मध्ये खांबच नाही. त्या दरवाज्यांवर भाळून घेतली, असं तिनं नंतर कबूल केलं. मी तिला हसले नाही. मीही एकदा नुसत्या काठावर भाळून पैठणी घेतली होती आणि पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला होता.

मला फोन का, असं तुम्ही विचाराल. आईला सांगता येत नव्हतं, हे एक कारण. दुसरं असं की या घराला गॅरेजचा वास आहे. माझं माहेर जालन्याचं, मी लग्न होऊन 1978 साली नामपल्लीत आले. सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं. यांनी मात्र हट्टानं स्टेशनमागच्या गल्लीत मोटारींचं गॅरेज काढलं. श्रावकानं टाळावेत असे जे पंधरा धंदे शास्त्रात सांगितले आहेत, त्या कर्मादानांत शकटकर्म, म्हणजे गाड्या घडवणं-विकणं, येतं. सासूबाई दर पर्युषणात ते मोजून दाखवायच्या. "कापड विकत होतो तेव्हा रेशीम विकतच होतो ना आई," असं हे म्हणायचे, आणि सासूबाई गप्प व्हायच्या. मी तिथं हिशेब लिहायला बसायचे. पाना-पक्कड कधी हातात घेतली नाही, पण पंचवीस वर्षं टेबलाशी बसून कान तयार झाले. गाडी फाटकातून आत आली की आवाजावरून मला कळायचं, बिल किती होणार ते.

"तापलेली असताना बंद केलीस आणि आता सेल्फ मारलं की नुसती घरघर करतेय, असंच ना?" मी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"सकाळी थंड असताना लागते?"

"एका झटक्यात लागते, मामी."

माझ्या पोटात गोळा आला. थंड असताना लागणारं आणि तापल्यावर रुसणारं इंजिन आमच्याकडे फार यायचं. त्याला उस्ताद एकच शब्द वापरायचे: दम. इंजिनाचा दम गेला. गॅरेजच्या भाषेत कॉम्प्रेशन.

ज्यांनी गॅरेज पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कॉम्प्रेशन म्हणजे कुकर. डाळ, पाणी, आच सगळं बरोबर असलं तरी झाकणाची रबरी रिंग सैल झाली की बाजूनं वाफ निसटते आणि शिट्टी काही होत नाही. इंजिनातही हवा आणि पेट्रोल आत घेऊन, दाबून, मग ठिणगी टाकायची असते. दाब झाला नाही तर ठिणगी पडूनही उपयोग नाही. साध्या इंजिनात दाबणारा पिस्टन असतो आणि त्याच्या कडेच्या रिंगा म्हणजे कुकरची रिंग. दाब कमी वाटला तर मेकॅनिक प्लग काढून त्या भोकात गेज लावतो, सेल्फ मारतो, काटा किती चढला ते बघतो. मग त्याच भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा बघतो. काटा वर गेला तर रिंगा गेल्या, कारण तेलानं ती फट घटकाभर बुजवली. नाही गेला तर वॉल्व्ह गळतोय. इतकं मला येत होतं. चार वर्षांच्या पोराला बाराखडी यावी तितकं.

त्या रात्री पोरीनं इंजिनाचं चित्र पाठवलं आणि माझी बाराखडी संपली. त्यात पिस्टनच नव्हता! वॉल्व्हही नव्हता. हिरव्या वेलदोड्याचा आडवा काप घेतला तर कसा फुगीर त्रिकोण दिसतो, तसला एक लोखंडी त्रिकोण. आणि तो फिरतो कशात, तर भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारख्या घरात, फक्त शेंगेची कंबर फारशी आवळलेली नाही. त्रिकोणाला रोटर म्हणतात. त्याची तीन टोकं सतत भिंतीला घासत जातात, त्यामुळे त्रिकोण आणि भिंत यांच्यामध्ये तीन खोल्या तयार होतात. फिरता फिरता खोली मोठी होते तेव्हा हवा-पेट्रोल आत येतं, लहान होते तेव्हा दाबलं जातं. असे दोन रोटर एकामागे एक. दोन्ही मिळून 1308 सीसी, म्हणजे आपल्या साध्या घरगुती गाडीएवढं; पण जोर त्याच्या कितीतरी पट.

दुसऱ्या दिवशी मी उस्तादांकडे गेले. यांच्या गॅरेजचे उस्ताद, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, युसुफैन दर्ग्याच्या अलीकडच्या गल्लीत मुलाकडे राहतात. नुमाइशचे दिवस होते, रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी चष्मा पुसून फोनवरचं चित्र बराच वेळ बघितलं.

"पिस्टन नै, वॉल्व नै, तो इस में है क्या भाभी?"

"तेच विचारायला आले."

"बच्ची कू बोलो, पैले बैटरी देखना." थोडं थांबून म्हणाले, "आपकू तो मालूम है बैटरी का किस्सा."

मला माहीत होता. त्यांनाही माहीत होता. तो आता सांगावाच लागेल.

त्या काळी अँबॅसिडरला पेट्रोल पाजणं टॅक्सीवाल्यांना परवडेना, म्हणून जपानहून उतरवून आणलेली जुनी डिझेल इंजिनं लोक बसवून घेत. यांनीही एक आणून ठेवलं होतं. 2003 साली हे गेले. गॅरेज मिटवायचं ठरलं. उस्ताद मुलीच्या लग्नासाठी बीदरला होते, तेवढ्यात एक ओळखीचे गृहस्थ आले. "वहिनी, मी घेतो सगळं, पण इंजिन आधी बघतो." त्यांनी माझ्यासमोर गेज लावला, सेल्फ मारलं. डिझेलला 25-30 किलोचा दाब लागतो हे मला ऐकून माहीत होतं. काटा 16 च्या आसपास जाऊन बसला. "दम नाही वहिनी. भंगारच हे." मी वजनावर विकलं, 9,000 रुपयांना. आठ महिन्यांनी उस्तादांना तेच इंजिन नामपल्ली स्टेशनबाहेरच्या एका टॅक्सीत ठणठणीत चालताना दिसलं. इंजिन नंबर माझ्या वहीत होता, ताडून पाहिला. तेव्हा त्यांनी मला समजावलं: गॅरेज चार महिने बंद होतं, बॅटरी बसली होती. सेल्फ हळू फिरला की हवेला निसटायला वेळ मिळतो आणि चांगलं इंजिनही मेलेलं दिसतं. त्या गृहस्थांना हे माहीत नसेल असं मानायला मी पुष्कळ प्रयत्न केले.

तर, पहिल्यांदा बॅटरी. पोरीनं नवी घातली. गाडी विकणारा माणूसही फोनवर हेच म्हणाला होता, "बॅटरीच असेल, या गाड्यांना चांगली बॅटरी लागते." आणि ते खोटं नव्हतंच. या मॉडेलच्या सुरुवातीच्या गाड्यांचा सेल्फही थोडा अशक्त असायचा, पुढे कंपनीनं जोरदार सेल्फ दिला. बॅटरी बदलल्यावर दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गाडी तापलेली, भाजीच्या दुकानाबाहेर, पंचवीस मिनिटं.

मग पोरीनं रात्र रात्र वाचून काढलं, आणि मला शिकवलं. म्हणजे उलटं झालं. मी गहू निवडताना ती तिकडून सांगत असायची. या इंजिनाला आणखी एक खोड आहे, पेट्रोलनं बुडायची. थंडीत सुरू करून, दोन हात मागे घेऊन लगेच बंद केली, की आतलं जास्तीचं पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. तेल नाही तर दाब नाही. मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, म्हणजे पेट्रोल बंद होऊन आतलं उडून जातं. तिनं प्लग काढून पाहिले. दर रोटरला दोन, असे चार. कोरडे होते. म्हणजे बुडालेली नव्हती. चारही प्लग आणि चारही कॉइल नवीन घातल्या, कारण कॉइल कमजोर झाली की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या जाळीत जाऊन तिथं आग करतं, आणि ती आच मागे इंजिनालाच भाजते. गाडी जरा मऊ चालायला लागली. तापल्यावर मात्र रुसवा तसाच.

तेलाचं एक सांगायचं राहिलं. हे इंजिन तेल पितं. गळत नाही, पितं, आणि तसंच बनवलेलं आहे. एक छोटा पंप थेंब थेंब तेल आत सोडतो, त्या त्रिकोणाच्या टोकांसाठी. टोकांवर पातळ पट्ट्या असतात, एपेक्स सील म्हणतात. 2 मिलिमीटर जाडीच्या, बोटभर लांबीच्या. सगळा खेळ त्या पट्ट्यांचा. जर्मनीत फेलिक्स वांकेलच्या कल्पनेवर एनएसयू कंपनीनं 1967 साली आरओ-80 नावाची सुंदर गाडी काढली आणि या पट्ट्यांनीच त्या कंपनीला रडवलं. जपानमध्ये माझदाच्या इंजिनांत तर पट्ट्या थरथरून आतल्या भिंतीवर ओरखडे उठायचे, त्याला तिथले इंजिनिअर सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणायचे. केनिची यामामोतो आणि त्यांच्या हाताखालच्या 47 जणांच्या चमूनं तो रोग काढला, आणि 1991 साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत माझदानं चार रोटरच्या इंजिनावर जिंकली. हे ऐकून उस्तादांनी मान डोलावली. "चौबीस घंटे? फिर इंजन खराब नै है. चलाने वाला खराब है."

ते खरंच म्हणाले. या इंजिनाला जवळच्या जवळ, थंडच्या थंड फिरवलं की आत काजळी धरते, पट्ट्या आपल्या खाचेत चिकटतात. तेलाची पातळी बघायची विसरली की पट्ट्या झिजतात. आधीच्या मालकानं काय केलं, कुणास ठाऊक.

आता गेज. पोरीनं तिथल्या दुकानातून साधा गेज आणला, लावला, काटा छान वर जाऊन थांबला. तिनं आनंदानं फोन केला. मीही आनंदले. पण दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "मामी, हे खरं नाही."

ते तिनं मला ज्या शब्दांत सांगितलं त्याचं मला फार कौतुक वाटलं. साध्या गेजच्या नळीत एक बारीक वॉल्व्ह असतो, तो सर्वांत मोठा दाब धरून ठेवतो. पिस्टनच्या इंजिनात एका भोकामागे एकच खोली, त्यामुळे चालतं. इथं एका भोकासमोरून तीन खोल्या आळीपाळीनं जातात. त्यातली एक दणकट असली की काटा तिचाच आकडा धरून बसतो, उरलेल्या दोन मेल्या तरी कळत नाही. तीन भावांत एक कर्तबगार निघाला की घराचं नाव होतं आणि बाकीच्या दोघांचं कुणी विचारत नाही, तसं.

म्हणून तो बारीक वॉल्व्ह काढून टाकायचा. मग काटा धरून बसत नाही, दर खोलीला एकदा उडतो. सेकंदाला साधारण चार वेळा. डोळ्याला पकडता येत नाही, तेव्हा तिनं फोन काट्यासमोर टेकवला, स्लो मोशन लावलं, पेट्रोल आणि ठिणगी बंद केली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि सेल्फ मारला. व्हिडिओ मला पाठवला. पुढच्या रोटरचा काटा: टुक, टुक, टुक. सारखा. मागच्या रोटरचा: टुक, मग अर्धवट, मग अर्धवट. टुक, अर्धवट, अर्धवट. मी तो व्हिडिओ अठरा-वीस वेळा बघितला असेन. हॉस्पिटलात यांच्या पलंगाशी मॉनिटर असायचा, त्याची आठवण होऊन मग पुढे बघवेना.

तरी खात्री हवी होती. ऑकलंडमध्ये फक्त याच इंजिनांचं काम करणारा एक माणूस तिला सापडला. त्याच्याकडे खास यंत्र होतं. ते तिन्ही खोल्यांचा दाब वेगवेगळा मोजतं, शिवाय इंजिन किती वेगानं फिरत होतं तेही मोजून आकडा मिनिटाला 250 फेऱ्यांच्या हिशेबात बसवून देतं. म्हणजे बॅटरीचं निमित्त राहतच नाही. यंत्रातून चिठ्ठी निघाली. कंपनीच्या हिशेबानं नव्या इंजिनाला दर चौरस सेंटिमीटरला 8.5 किलो हवं, 6.9 च्या खाली गेलं तर इंजिन नापास. आणि एकाच रोटरच्या खोल्यांमध्ये दीड किलोपेक्षा जास्त फरक असता कामा नये.

पुढचा रोटर: 7.3, 7.2, 7.4.

मागचा: 6.8, 5.2, 5.3.

"दोन शेजारच्या खोल्या एकदम पडल्यात," पोरगी म्हणाली. "एकच पडली असती तर बाजूची सील असती. दोन शेजारच्या पडल्या म्हणजे त्यांच्या मधली जी पट्टी आहे, ती गेली. दोन खोल्यांची भिंत एकच ना, मामी."

दुरुस्ती म्हणजे इंजिन पूर्ण उतरवून खोलणं. त्या माणसानं सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास होता. विकणारा आता फोन उचलत नव्हता. तिथला ग्राहक कायदा व्यापाऱ्याला बांधतो, घरगुती विक्री त्यात येत नाही. आणि मग तिला आठवलं, की गाडी घ्यायला गेली तेव्हा सुरू करताना मागून निळा धूर आला होता, भरपूर. "जुनी गाडी आहे, तेल पिते," असं तो म्हणाला होता. प्लगच्या भोकातून तेल सोडलं तर दाब घटकाभर वाढतो, हे मी वर लिहिलंच आहे. रोटरचंही तसंच. त्यानं तसं केलं असेल का? मला वाटतं केलं असेल. पण जे पाहिलं नाही ते मी कसं सांगणार.

इथपर्यंत मी तुम्हाला सगळं मोकळेपणानं सांगितलं. पुढचं सांगायला मला दोन महिने लागले.

पोर रडत होती. सहा वर्षं एकटी राहून, रात्रपाळ्या करून साठवलेले पैसे. जानेवारीत तिकडे सूर्य साडेआठनंतर मावळतो, जूनमध्ये पाचलाच. ती म्हणायची, मामी, उन्हाळ्यात चौविहार सोपा, हिवाळ्यात मी कामावरच उपाशी असते. अशी ती मुलगी. तिचं रडणं मला ऐकवेना. आणि मी म्हणाले,

"हे बघ बाळ. गाडी थंड असताना एका झटक्यात लागते ना? मग सकाळी गिऱ्हाईक बोलाव. थंड असताना दाखव. बॅटरी नवी आहे, प्लग नवे आहेत, ते सांग. तेही खरंच आहे. बाकी त्यानं विचारलं नाही तर आपण होऊन सांगायचं काही कारण नाही."

मी हे बोलले. रविवारी पाठशाळेत मुलांकडून अणुव्रतांचे अतिचार पाठ करून घेणारी मी. तिसऱ्या व्रतात खोटं तोलणं, खोटं मापणं हा अतिचार येतो. गेल्याच महिन्यात एका मुलाला मी त्याचा अर्थ फोड करून सांगितला होता, भाजीवाल्याच्या तराजूचं उदाहरण देऊन.

तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं, फोन कटला.

"मामी," ती म्हणाली, "त्या डिझेल इंजिनाचं कळलं तेव्हा मी तुमच्याकडेच होते. सुट्टीला आले होते, आठवीत. तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता. मी तुम्हाला विचारलं होतं की मामी, नऊ हजार गेले म्हणून का? तर तुम्ही म्हणालात, नाही गं, माझ्यासमोर काटा दाखवून फसवलं म्हणून."

मला हे आठवत नव्हतं. जेवले नव्हते ते आठवत होतं, पण बोललेलं आठवत नव्हतं.

मी काय उत्तर दिलं? काहीच नाही. "गॅसवर दूध आहे," असं म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

नंतर आठवडाभर आम्ही बोललो नाही. मी तिला फोन करायला घाबरत होते, हे खरं. या वयात भाचीला घाबरणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. संध्याकाळी पब्लिक गार्डनमध्ये फेऱ्या मारायला जायचे आणि मनातल्या मनात स्वतःशी वाद घालायचे. एक मन म्हणायचं, तू पोरीच्या मायेपोटी बोललीस. दुसरं म्हणायचं, त्या गृहस्थांनाही घरी पोरंबाळं असतीलच की.

तिनं जाहिरात टाकली. तिचा फोटो तिनं मला नुसता पाठवला, सोबत एक अक्षर नाही. गाडीच्या लाल फोटोखाली पहिल्याच ओळीत ते सहा आकडे, आणि यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीचा फोटो. खाली लिहिलेलं: तापल्यावर सुरू होत नाही, इंजिन खोलावं लागेल. दोन आठवडे कुणी आलं नाही. मग एक तरुण आला, स्वतः अशी इंजिनं जुळवणारा. त्यानं चिठ्ठी वाचली, एकदा सेल्फ मारून ऐकलं आणि 3,500 डॉलर दिले. सहा हजारांची खोट. तिनं त्याच रात्री आईला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या नणंदेचा फोन मला. "वहिनी, तुम्हाला सगळं माहीत होतं आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?" मी ऐकून घेतलं. अर्धा तास ऐकून घेतलं. मी काय सल्ला दिला होता ते पोरीनं तिला सांगितलं नव्हतं, हे त्या अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं.

पोरगी आता बसनं जाते. मार्चमध्ये त्या तरुणानं इंजिन खोललं तेव्हा तिला बघायला बोलावलं. तिनं तिथून व्हिडिओ कॉल केला. आठवड्यात एकदा, आता आम्ही बोलतो, पूर्वीसारखंच जवळजवळ. मी म्हटलं, थांब, पाच मिनिटांत लावते. चपला घातल्या आणि फोन घेऊन उस्तादांकडे गेले. त्यांच्या ओट्यावर आम्ही दोघं बसलो. पडद्यावर तिचा तळहात आला. त्यावर एक काळी पट्टी. बोटभर, एका टोकाला झिजून पातळ झालेली, खाली काजळीत बसून गेलेली स्प्रिंग.

उस्तादांनी फोन माझ्या हातातून घेतला, नाकाजवळ नेला.

"इत्ती सी?"

"इतकीच," मी म्हटलं.

"बेटी," ते फोनमध्ये मोठ्यानं म्हणाले, समुद्रापार ऐकू जायला हवं म्हणून, "जरा पलटा को दिखाओ. दूसरी बाजू."

तिनं पट्टी उलटी केली.